अळणी

२७ एप्रिल २०१८. शुक्रवार होता, पण आमच्या प्रयोगशाळेत सकाळपासून कोणी कामाला हात लावला नव्हता. एरवी ज्या पडद्यावर आमचे आलेख लागायचे, तिथे दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजोमचं थेट प्रक्षेपण चालू होतं. उत्तर कोरियाचे किम जोंग-उन आणि दक्षिणेचे मून जे-इन सिमेंटच्या एका बुटक्या पट्टीच्या अल्याड-पल्याड उभे राहिले. हात मिळवले. किम पट्टी ओलांडून इकडे आले आणि मग मून यांचा हात धरून त्यांना क्षणभर तिकडे घेऊन गेले. माझ्या शेजारची दोन मुलं डोळे पुसत होती. मला कोल्हापूरहून सोलला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, भाषा येत नव्हती, पण खोलीतल्या सगळ्यांचा श्वास अडकलाय एवढं कळत होतं.

पुढे किम यांनी सांगितलं की रात्रीच्या जेवणासाठी प्योंगयांगचं नेंगम्योन आणलंय, लांबून आणलंय. आणि लगेच स्वतःलाच अडवत म्हणाले, लांब म्हणायला नको. खोलीत हशा पिकला, आणि त्याच हशात कोणीतरी हुंदका दिला. सोलपासून प्योंगयांग सरळ रेषेत दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. कोल्हापूरहून पुण्याला जावं, एवढंच. प्योंगयांगच्या ओकर्यूग्वान या प्रसिद्ध भोजनगृहातले आचारी शेवया पाडायचं यंत्र घेऊन सीमेवर आले होते. उत्तरेच्या बाजूच्या इमारतीत शेवया पाडायच्या आणि ताज्या ताज्या दक्षिणेच्या बाजूच्या मेजवानीत पोचवायच्या, असा बेत होता.

आमच्या सनबे उठल्या. प्रयोगशाळेत आपल्याआधी आलेल्याला इथे सनबे म्हणतात, नाव घेत नाहीत. म्हणाल्या, चला, आज जेवायला तेच.

सोलमध्ये त्या दिवशी हा विचार हजारोंच्या मनात आला असावा. उल्जिरो हा भाग म्हणजे मुंबईची लोहार चाळ: दिवे, नळ, फरश्या, हत्यारं, छापखाने, अरुंद बोळ. आम्ही साडेअकराला पोचलो, तर नेंगम्योनच्या दुकानापुढची रांग बोळ संपून पुढच्या कोपऱ्यावर वळली होती. रांगेत म्हातारे पुष्कळ. इस्त्रीचे सदरे, डोक्यावर टोप्या, कोणी काही बोलत नव्हतं.

नेंगम्योन मला अगदीच अनोळखी नव्हतं. नेंग म्हणजे गार, म्योन म्हणजे शेवया. मांस भाजून खायच्या इथल्या हॉटेलांत जेवण संपत आलं की विचारतात, शेवटी भात की नेंगम्योन? तिथलं मी चार-पाचदा खाल्लं होतं आणि ते मला आवडायचं. बर्फाचा चुरा तरंगणारं आंबटगोड पाणी, करड्या चिवट शेवया, वर लाल तिखटाचा गोळा. भरपेट जेवणावर सोलकढी प्यावी तसा जीव निवायचा. उत्तरेतल्या हामहुंग शहराच्या पद्धतीचं कोरडं नेंगम्योनही एकदा खाल्लं होतं, लालभडक मसाल्यात कालवलेलं, वर मुरवलेल्या कच्च्या मासळीचे काप. ते तर पहिल्या घासालाच जिभेवर बसलं. कोल्हापुरी माणसाला त्यात नवल नाही. कोल्हापूर-सांगलीकडची किती मुलं आज कोरियातल्या विद्यापीठांत पातळ थर आणि सौरघटांवर काम करताहेत, हे गावाकडे सांगून खरं वाटत नाही. शिवाजी विद्यापीठातून निघालेली ही वाट जुनी आहे. आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये कांदा-लसूण मसाल्याची बरणी असते. माझ्याही होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण वाचणाऱ्याच्या मनात ती आलीच असेल. नेंगम्योनचं पाणी हे बहुतेक ठिकाणी गोमांसाचं असतं. आमच्या घरी मटण-कोंबडी-मासे सगळं चालतं, पण हे नाही. इथे आल्यावर पहिले तीन महिने मी प्रत्येक वाडग्याबद्दल विचारत असे, आणि विचारून विचारून माझ्याबरोबर जेवणाऱ्यांना अवघडून टाकत असे. मग एक दिवस मी ठरवलं आणि खाल्लं. त्याच रात्री फोनवर आईला सांगितलं. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "उपाशी राहू नकोस, एवढंच." पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही. मी ते हलकं समजत नाही, तीही समजत नाही.

तर आमची पाळी आली, आत जाऊन बसलो. आधी स्टीलच्या पेल्यात वाफाळतं पाणी आलं, जरा गढूळ, भाजक्या धान्याचा वास असलेलं. ते काय आहे हे न कळून मी बाजूला ठेवलं. मग वाडगं आलं.

वाडग्यातलं पाणी तळ दिसेल इतकं नितळ. तेलाचा एक ठिपका नाही. मधोमध शेवया, अंबाडा घालावा तशा वळवून ठेवलेल्या. त्यावर मांसाचे दोन पातळ काप, मुळ्याच्या आंबवलेल्या चकत्या, काकडी, नासपतीची फोड, अर्धं अंडं. सगळ्यांचं बघून मी दोन्ही हातांनी वाडगं उचललं आणि घोट घेतला.

काहीच लागलं नाही. गार लागलं, एवढंच. दुसरा घोट घेतला. मीठ असावं, पण ते कुठे आहे ते सापडेना. शेवया तोंडात घेतल्या, तर त्या भाजलेल्या मांसानंतरच्या शेवयांसारख्या चिवट नव्हत्या, दाताखाली चटकन तुटत होत्या. आणि चव? पावसात भिजलेल्या धान्याच्या पोत्याला येतो तसा काहीसा वास. मी टेबलावरच्या व्हिनेगरच्या बाटलीकडे हात नेला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. नको.

या पदार्थाभोवती असे न मागता शिकवणारे फार, आणि त्यांच्यासाठी कोरियनमध्ये खास शब्दही तयार झालाय. कात्री लावू नये, लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य. व्हिनेगर पाण्यात ओतू नये. मोहरी घालू नये. आधी नुसतं पाणी प्यावं. सनबेंनी विचारलं, "कसं आहे?" मला कोरियन सुचेना, इंग्रजीही सुचेना. तोंडून मराठीच निघालं: "अळणी."

"म्हणजे?"

"मीठ नसलेलं."

त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे पहिल्यांदा खाणारे याला फडकं पिळलेलं पाणी म्हणतात. तू बराच सभ्य आहेस. तीनदा खाल्ल्याशिवाय याचं काही बोलायचं नसतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझे आजोबा याला सुमसुम म्हणायचे. तो तिकडचा शब्द आहे. फिकं, पण चांगल्या अर्थानं."

अळणी हा आपल्याकडे दोष दाखवायचा शब्द. भाजी अळणी झाली म्हणजे बिघडली. भाषण अळणी, माणूस अळणी, लग्नसुद्धा अळणी झालं म्हणतात. गोष्ट रंगवायची तर तिखटमीठ लावून सांगावी लागते. पण आमच्या कोल्हापुरात हाच शब्द मानाचाही आहे. तांबडा आणि पांढरा रस्सा सगळ्या महाराष्ट्राला माहीत असतो. तो ज्याच्यातून होतो ते अळणी बाहेर फार कोणी विचारत नाही. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवलं की जे पाणी उतरतं ते अळणी. नाव अळणी, पण मीठ असतं त्यात, बेताचं. नारळाचं दूध आणि काजू-खसखस त्यात गेलं की पांढरा रस्सा, मसाला गेला की तांबडा. रविवारी आजी मसाला पडायच्या आधी ते वाट्यांत काढून ठेवायची. पहिली वाटी तापातून उठलेल्याला, मग बाळंतिणीला, मग लहान पोरांना. मोठे झालो आणि आम्ही तांबड्याकडे गेलो. अळणी मागणं म्हणजे अजून लहान असणं. मिसरूड फुटल्यावर मी ते मागितल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी वाडगं मी संपवलं, पण भिडेखातर.

आणि मग पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी, कसलाही संबंध नसताना, बसच्या काचेला डोकं टेकून बसलो असताना ती चव आली. जिभेवर नाही, टाळूच्या मागे कुठेतरी. मांसाचा अगदी मंद गोडवा आणि त्याच्या मागोमाग धान्य. खाताना जी सापडली नव्हती ती. नंतर मी इथल्या पुष्कळ लोकांना विचारलं, तर सगळे हेच सांगतात: खाताना काही कळत नाही, दोन-चार दिवसांनी आठवण येते आणि मग राहवत नाही. मी याचा माझ्यापुरता विचार केला. आपण चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा वासाचा असतो, आणि गार पाण्यातून वास कमी सुटतो. घोट तोंडात कोमट होऊन घशाखाली उतरतो तेव्हा मागच्या बाजूने तो नाकात चढतो. तोवर आपण दुसरा घोट घेतलेला असतो. ज्याला थांबायची सवय नाही त्याच्या हाती या पाण्यातलं काही लागायचं नाही. कांदा-लसूण मसाला तुमच्याकडे धावत येतो. इथे जिभेला पुन्हा तालमीत जावं लागतं.

दुसऱ्यांदा गेलो तो जानेवारीत. बाहेर उणे दहा. हात खिशातून काढवत नव्हता आणि सनबे म्हणाल्या, आज नेंगम्योन. मला वाटलं थट्टा करताहेत. पण हे मुळात थंडीचंच खाणं. १८४९ साली होंग सोक-मो यांनी लिहिलेल्या तोंगगुक सेसिगी या कोरियन सण-रीतींच्या नोंदवहीत नेंगम्योन येतं ते चांद्र वर्षाच्या अकराव्या महिन्यात, म्हणजे ऐन हिवाळ्यात, आणि वायव्येकडचं, प्योंगयांगच्या बाजूचं, सर्वांत चांगलं असंही त्यात म्हटलंय. कारण साधं आहे. या शेवयांचं धान्य निघतं शरद ऋतूच्या शेवटी. हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी मुळ्याचं पाणीदार लोणचं घालतात, दोंगचिमी. जमिनीत पुरलेल्या रांजणात ते आंबतं आणि त्यावर बर्फाची पापडी धरते. घरात ओंदोल, म्हणजे चुलीचा धूर फरशीखालून फिरवून तापवलेली जमीन. बाहेर बर्फ, खाली ऊबदार फरशी, आणि तिच्यावर मांडी घालून बसलेली माणसं रात्री दोंगचिमीचं गार पाणी शेवयांवर ओतून खाताहेत. पूर्वी शिकारीत मिळालेल्या फेझंट पक्ष्याचंही पाणी त्यात घालत. विसाव्या शतकात बर्फाचे कारखाने आले तेव्हा कुठे ते उन्हाळ्यात शिरलं.

त्या जानेवारीतल्या दुकानात रांग नव्हती. खालची फरशी गरम होती, मोजे काढावेसे वाटले. पहिल्यांदा बाजूला सारलेला गरम पाण्याचा पेला मी या वेळी प्यालो. त्याला म्योनसू म्हणतात, शेवया उकडलेलं पाणी. पहिल्या घोटाला ओळख पटली. ही पेज होती. भाताची नव्हे, पण पेजच.

कशाची, ते मी मधल्या काळात शोधून काढलं होतं. या धान्याला कोरियनमध्ये मेमिल म्हणतात. उत्तर भारतात नवरात्रात खातात तो कुट्टू. गव्हाशी त्याचं काही नातं नाही, ते तृणधान्यच नव्हे. आपण वरणात घालतो त्या आंबट चुक्याच्या कुळातलं हे झाड, आणि त्याची तीनधारी काळपट बी आपण धान्य म्हणून दळतो. हलक्या जमिनीत, थंड डोंगरात, अडीच-तीन महिन्यांत हाती येतं. भात बुडाला तर उरलेल्या दिवसांत पेरावं असं गरिबाचं पीक. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या वरी-राजगिऱ्यासारखं. उपासाचं." तिचं बरोबर होतं, धान्य नसलेलं धान्य.

गव्हाचा चिकटपणा यात नाही, म्हणून याचं पीठ लाटता येत नाही की ओढता येत नाही. दाबून पाडावं लागतं. आणि पूर्वी पाडायचे ते कसं, ते मी एका जुन्या चित्रात पाहिलं तेव्हा हसू आलं. लाकडाचा जाड ठोकळा, त्याला भोक, तळाशी छिद्रांची चकती, वरून दांडा. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, आणि दांड्यावर एक माणूस सगळा भार टाकून ओणवा झालेला. हा तर सोऱ्या! तळकोकणात शिरवाळ्यांचा जो लाकडी शेवगा असतो, ज्याच्यावर घरातल्या धडधाकट माणसाला बसवतात, तो आणि हा सख्खे भाऊ. आता यंत्र दाबतं, बाकी काही बदललेलं नाही. पीठ आधी मळून ठेवत नाहीत. मागणी आली की मळायचं, शेवया थेट उकळत्या पाण्यात पाडायच्या, थोडक्या वेळात काढायच्या, गार पाण्यात खळखळून धुवायच्या आणि हाताने पिळून गुंडी वळायची. पीठ जितकं निव्वळ, तितकी शेवई हळवी. म्हणून बहुतेक जण थोडा स्टार्च मिसळतात. आणि निव्वळ सोललेल्या दाण्याची शेवई काळी नसते, फिकट राखाडी असते. काळेपणा येतो तो टरफलाचा.

हे मला सनबेंनी सांगितलं, आणि त्यांना त्यांच्या आजोबांनी. ते प्योंगयांगच्या बाजूच्या एका गावचे. १९५१ च्या जानेवारीत चिनी आणि उत्तरेच्या फौजा पुन्हा खाली आल्या आणि सोल दुसऱ्यांदा पडलं, त्या धामधुमीत ते दक्षिणेला आले. वय एकोणीस. आईला सांगून निघाले होते, आठवड्याभरात येतो. १९५३ मध्ये युद्धबंदी झाली, रेषा आखली गेली, आणि तो आठवडा पुढे कधीच संपला नाही.

अशा माणसांना इथे सिलह्यांगमिन म्हणतात, गाव हरवलेली माणसं. सोलमधल्या नेंगम्योनच्या नावाजलेल्या दुकानांची मुळं शोधत गेलं की कुठेतरी ही माणसं भेटतात. उरेओक हे त्यातलं फार जुनं, १९४६ सालचं. युद्धात बंद पडून पुन्हा उघडलं तेव्हा हे नाव घेतलं, अर्थ साधारण 'पुन्हा आलेलं घर'. ओजांग-दोंगमध्ये हामहुंगच्या लोकांची दुकानं, युद्ध संपतानाच्या काळातली. १९५० च्या डिसेंबरात हामहुंगजवळच्या हंगनाम बंदरातून जवळजवळ एक लाख सामान्य माणसं जहाजांत कोंबून दक्षिणेला आणली गेली. त्यातली पुष्कळ बुसानकडे राहिली. तिथे कुट्टूही मिळेना आणि बटाट्याचा स्टार्चही. मिळायचं ते मदतीच्या पोत्यांतून आलेलं गव्हाचं पीठ. त्यांनी गव्हाच्याच शेवया गार पाण्यात घातल्या. मिलम्योन त्याचं नाव. आज बुसानची माणसं ती अभिमानाने खाऊ घालतात. मला हे वाचताना उल्हासनगर आठवलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंध्यांचं, सकाळच्या दालपकवानाचं उल्हासनगर. सिंध पुन्हा पाहायला न मिळालेल्यांची तिसरी पिढी तिथे तळणीपाशी उभी आहे.

सनबेंचे आजोबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नेंगम्योन खायला जायचे. एकटेच. घरच्यांना बरोबर न्यायचे नाहीत. एकदा त्या लहान असताना हट्टाने मागे गेल्या. आजोबा खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, वाडगं उचलून पाणी प्याले आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "जवळपास." एवढंच. वर्षानुवर्षं ते ज्या-ज्या दुकानात गेले तिथे हेच म्हणाले. जवळपास.

विभक्त कुटुंबांच्या भेटीसाठी दक्षिणेत एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली होती. भेटी अधूनमधून झाल्या, काहीशे माणसं एका वेळी, तीन दिवस, आणि मग दोन वेगळ्या बसमध्ये बसून परत. शेवटची भेट २०१८ च्या ऑगस्टमध्ये झाली. नावं नोंदवलेल्यांतले बहुतेक आता नाहीत. आजोबांचं नाव यादीत होतं, चिठ्ठीत निघालं नाही. २०१२ मध्ये ते गेले.

ते ज्याला शोधत होते, ते प्योंगयांगमध्ये तरी राहिलंय का? २०१८ च्या त्याच एप्रिलमध्ये दक्षिणेचे गायक-कलाकार प्योंगयांगला गेले, ओकर्यूग्वानमध्ये जेवले, आणि त्यांची चित्रं इकडे आली. सोलमधल्या जाणकारांना धक्का बसला. तिकडच्या शेवया काळसर आणि चिवट होत्या. वाढणारी बाई शेवया उचलून त्यांवर व्हिनेगर घाला, मोहरी घाला, असं आपणहून शिकवत होती. वर लाल चटणीही होती. सोलमध्ये ज्याला पाप मानलं ते प्योंगयांगमध्ये रीत होती. काही जण त्यावर हसले, आता सगळे नियम बुडाले म्हणून. मला तसं वाटलं नाही. जो गावात राहिला त्याची चव गावाबरोबर बदलत गेली. जो गाव सोडून आला त्याच्याजवळ १९५१ ची जानेवारी होती, आणि तो तिला हात लावू देईना. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी पुरणपोळीबद्दल जो कडकपणा असतो, तो पुण्या-कोल्हापुरात कुठे असतो? २०२२ च्या अखेरीस युनेस्कोने प्योंगयांग नेंगम्योनची परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली, ती उत्तर कोरियाच्या नावावर. चांगलंच झालं. पण सोलच्या त्या बोळातल्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्यांचं नाव कोणत्या यादीत असणार?

२०२२ च्याच जूनमध्ये उल्जिरोमधलं उल्जी म्योनोक बंद झालं. १९८५ पासूनचं दुकान, उत्तरेतून आलेल्या घराण्यातल्या लेकीने काढलेलं. पाण्यावर लाल तिखटाची चिमूट भुरभुरायची, ही त्या घराण्याची खूण. त्या भागाचा पुनर्विकास व्हायचा होता, वर्षानुवर्षं खटला चालला, आणि शेवटी जागा सोडावी लागली. शेवटच्या दिवसांत सनबे आणि मी गेलो. ऊन मी म्हणत होतं. रांगेत पुन्हा तेच म्हातारे, पण २०१८ पेक्षा कमी, आणि बरेचसे मुलाच्या किंवा सुनेच्या हाताला धरून. आमच्या पुढे एक आजी चाकाच्या खुर्चीत होत्या. सनबे बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "आजोबा असते तर म्हणाले असते, बरं झालं, मला दोन्हीकडून निघावं लागलं."

आत बसल्यावर आम्ही बोललो नाही. मी वाडगं उचललं. घोट घेतला आणि थांबलो, वाडगं खाली न ठेवता, जसं त्यांनी आजोबांचं सांगितलं होतं तसं. या वेळी मला शोधावं लागलं नाही. आधी गारवा, मग काही नाही, आणि त्या काही नाहीच्या पाठीमागून रविवार आला. आमच्या परड्यातली चूल, आजी, वाटी. अळणी. ते होतं तिथेच होतं. मी त्याच्याकडे पाठ करून तांबड्याला गेलो होतो. मी सनबेंना म्हणालो, "जवळपास." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी आपल्या वाडग्यातलं अर्धं अंडं माझ्या वाडग्यात ठेवलं.

(उल्जी म्योनोक २०२४ मध्ये नागवोन-दोंगमध्ये पुन्हा उघडलं. मी गेलो होतो. जागा नवी, चकचकीत. पाण्यावर तिखट मात्र तेच.)

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर कोल्हापूरला होतो. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, सोऱ्या धुऊन पालथा घातलेला होता, आणि मला राहवलं नाही. लक्ष्मीपुरीतून कुट्टूचं पीठ आणलं. आदल्या दिवशी आईने मटण शिजवलं, तेव्हा मसाल्याआधी मी मोठं पातेलंभर अळणी काढून घेतलं, फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी वर धरलेला चरबीचा थर पळीने उचलून टाकला आणि पाणी फडक्यातून गाळलं. नितळ सोनेरी झालं. मटणाचं केलं, कारण घर आमचं आहे.

पीठ मात्र जमेना. गार पाण्यात मळलं, सोऱ्यात भरलं, आणि उकळत्या पाण्यात पडल्या पडल्या शेवयांचे तुकडे झाले. दुसऱ्यांदा तेच. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, याला ताण नाही. तांदळासारखं आहे हे. उकड काढ की." आणि मला बाजूला करून तिने आधणाचं पाणी पिठावर ओतलं, उलथण्याने हलवलं, झाकून ठेवलं. मग हाताला पाणी लावत, चटके सोसत ते मळलं, मोदकाची उकड मळते तसं. कोरियातही हे पीठ बऱ्याच ठिकाणी गरम पाण्यात मळतात. मी ते वाचलं होतं आणि विसरलो होतो. तिने कुठे वाचलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला शेवया अखंड उतरल्या. मी दांडा फिरवत होतो, ती झाऱ्याने काढून गार पाण्यात टाकत होती. धुतल्या, पिळल्या, गुंड्या वळल्या. वर काकडी, मुळ्याच्या चकत्या, अर्धं-अर्धं अंडं. तिकडची नासपती मिळाली नव्हती, इथला पेअर घातला. दुपारचे बारा वाजले होते, पंखा गरम वारा फेकत होता. मी वाडगी भरून टेबलावर नेली, आईला हाक मारली. ती येईना. वळून पाहिलं तर ती अजून गॅसपाशीच होती. शेवया उकडलेलं पाणी मी मोरीत ओतायला म्हणून बाजूला ठेवलं होतं. तिने त्यात मीठ घातलं होतं, पळीने ढवळलं होतं, आणि ते दोन पेल्यांत ओतत होती.

"पेज कोण टाकतं का रे?" ती म्हणाली. "घे. आधी हे गरम पी, मग ते गार."